एकदा तक्रार करून आल्यावर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय आता तुझ्या शेवटच्या वयाच्या बरंच पुढे गेलंय, आणि तरी एक गोष्ट तुलाच विचारायची राहून गेली आहे. घरी आपण आपल्या बोलीत बोलायचो. ती मला अजून बोलता येते, पण लिहायला घेतली की शाळेतली मराठीच हाताला येते, म्हणून हे असं लिहितेय. तू हसशील. परवा धाकट्याची मुलगी आली होती. ती मुंबईच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. तिने विचारलं, "आत्या, तू एवढी वर्षं देशादेशांच्या व्यापारातली भांडणं बघितलीस. काही देश सारखे तक्रार घेऊन जातात आणि काही एकदाही जात नाहीत, असं का?" मी तिला ऑफिसातलं उत्तर दिलं. जो देश एकदा जाऊन आला त्याला वाट कळते. कोणाला भेटायचं, काय बोलायचं, कुठे गप्प राहायचं हे कळतं, म्हणून तो पुन्हा जातो, दुसऱ्यांच्या भांडणातही जाऊन बसतो. जो कधी गेलाच नाही त्याला पहिलं पाऊल जड. तिला उत्तर पटलं. ती गेल्यावर चहाचे कप विसळताना मला वाटलं, मी खोटं काही सांगितलं नाही, पण हे खरं आहे का तेही मला माहीत नाही. आणि तू आठवलीस, लाल लुगड्यात, व्यापाऱ्याच्या गोदामात करंडीवर बसलेली.

तेव्हा मी शाळेत होते. पाकिस्तानशी झालेल्या लढाईनंतर कराचीचा रस्ता बंद झाला होता आणि आपल्या गावाची विड्याची पानं, जी पूर्वी समुद्रापलीकडे जायची, ती सगळी उत्तरेकडच्या बाजारांत जायला लागली होती. पान जास्त आणि घेणारे थोडे. वसईतला व्यापारी मग करंड्या न उघडताच सांगायचा, "डागी माल आहे, खालच्या भावात जाईल." बायका पहाटे पानं खुडणार, जुड्या लावणार, केळीच्या पानांत गुंडाळून करंड्या भरणार, आणि हा बोटसुद्धा न लावता डाग बघणार. एका सकाळी तू मला शाळेत न पाठवता बरोबर घेतलंस, का ते मला अजून कळलेलं नाही. विहिरीपलीकडची मावशीही आली होती. तिचा नवरा वारलेला, दोन मुलं लहान, मळा आपल्याहून छोटा. गोदामात शिरल्यावर तू आपली करंडी खाली ठेवलीस आणि तिच्यावरच बसलीस.

"बाई, उठा. गाडी भरायचीय," व्यापारी म्हणाला.

"माझी करंडी माझ्यासमोर उघडा. डाग दाखवा. मग उठते."

"एवढा वेळ नाही मला."

"मला आहे," तू म्हणालीस.

मावशी तुझ्या मागे उभी होती. तिने तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आधाराला की तुला थांबवायला, कोण जाणे. बाहेर हळूहळू माणसं जमली. आपल्याच गावचे दोन-तीन बागायतदार दाराशी येऊन उभे राहिले, आत मात्र कोणी आलं नाही. शेवटी त्याने चिडून एक करंडी उघडली. पानं स्वच्छ. दुसरी उघडली, तीही स्वच्छ. त्या दिवसापासून करंड्या बागायतदारांसमोर उघडायच्या असं ठरलं. माझ्या डोळ्यांसमोर अजूनही ते हिरवं पान आहे, त्याने उजेडात धरलेलं, आणि त्याचा चेहरा. बाबांपर्यंत बातमी आधीच पोचली होती. रहाटाचा बैल बांधून आले, जेवायला बसले आणि म्हणाले, "झालं ना एकदाचं? आता पुरे." तू त्यांच्या ताटात भात वाढत होतीस. म्हणालीस, "आता तर कुठे तोंड उघडलंय."

आणि खरंच, त्यानंतर तू कुठल्याही तंट्याला जायला लागलीस. आपला संबंध असो-नसो. बाजारात भाजी विकायला येणाऱ्या एका बाईकडून तुला कळलं की चांदीप गावात गवतावरून व्यापाऱ्याशी वाद चाललाय आणि लोक देवळापुढे जमणार आहेत. तिकडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, आणि व्यापारी ते ओलं आहे असं म्हणून भाव पाडत होता. तू मला घेऊन एसटीने गेलीस. मी विचारलं, "आपलं काय आहे तिथे?" तू म्हणालीस, "कसं बोलतात ते बघू." भाताच्या खाचरांतून चालत आपण पोचलो तेव्हा देवळापुढे पुरुष बसलेले, बायका मागे. एका म्हातारीने तुला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तुझ्या गळ्यातला क्रूसही बघितला असेल तिने.

"तू कोनाची गं?"

"कोणाची नाही. वसईकडनं आलेय. बसू का?"

"बस. पन बोलू नको."

तू बसलीस. पुरुष बराच वेळ बोलत होते. तक्रार करायला वसईच्या कचेरीत जायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. कोणी जाऊ म्हणेना आणि कोणी नको म्हणेना. शेवटी तुला राहवलं नाही. तू त्या म्हातारीला हळूच म्हणालीस, "आम्ही व्यापाऱ्याकडे गेलो होतो. ऐकलं त्यानं." म्हातारी तुझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचा सासरा बी बोलला व्हता एकदा. मंग त्या साली गवत जाग्यावर सडलं. कोनी इचारलं नाय. तवापासून आमी नाय बोलत." त्या दिवशी तिथे काहीच ठरलं नाही. परतीच्या एसटीत मी तुला म्हटलं, "बिचारे घाबरतात." तू इतक्या जोरात माझ्याकडे वळलीस की पुढच्या सीटवरच्या माणसाने मागे बघितलं. "घाबरतात म्हणू नकोस," तू म्हणालीस, "त्यांना आठवतं." मग घर येईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटलं मी फार मोठी चूक केली. पुढे कितीतरी वर्षांनी, परदेशातल्या एका बैठकीत, मला तुझं ते वाक्य जसंच्या तसं आठवलं, पण ते सांगेन पुढे.

मग कराचीचा रस्ता पुन्हा उघडला. तोवर मी मुंबईला हॉस्टेलवर होते, एम.ए. करत होते, आणि घरच्या बातम्या मला सुट्टीत मिळायच्या. गावात दिवाळी आणि नाताळ एकदमच आल्यासारखं झालं होतं म्हणे. पण पहिल्या काही खेपांनंतर तिकडच्या खरेदीदाराचा निरोप आला की माल सडलेला पोचला, पुढचा माल भरपाई म्हणून पाठवा. व्यापारी म्हणाला, पाठवून देऊ, रस्ता नुकता सुरू झालाय, नाराज करू नका. चर्चच्या हॉलमध्ये गाव जमलं. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, सडलेलं पान कोणी बघितलंय? डाग दाखवल्याशिवाय एक पान जायचं नाही. बाबा, जे कधी कुठल्या सभेत बोलले नाहीत, ते त्या दिवशी बोलले. "तो वसईतला व्यापारी होता. त्याच्या गोदामात जाऊन बसता आलं. हा समुद्रापलीकडे आहे, त्याच्यासमोर कुठे बसणार आहेस?" लोक हसले. पण लोकांना गोदामातली सकाळही आठवत होती, आणि ते तुझ्या बाजूने झाले. गावाने माल पाठवणं थांबवलं.

मी सुट्टीला आले तेव्हा मळ्याच्या कडेला पानांचे ढीग होते, पिवळे, काळे, आणि सगळ्या गावाला एक आंबूस वास. खरेदीदाराने दुसऱ्या देशातून माल घ्यायला सुरुवात केली होती. बाबा ओट्यावर बसून म्हणाले, "तुझ्या आईनं गाव घरी बसवलं." ते रागाने म्हणाले नाहीत, त्यामुळे ते मला जास्त लागलं. रविवारी मिस्सा संपल्यावर बायका तुझ्याशी न बोलता जाताना मी बघितलं. तू मात्र नेहमीसारखी ताठ चालत होतीस. मी तेव्हा मनाशी एक हिशेब मांडून टाकला: पहिल्या वेळी आई जिंकली, जिंकल्यामुळे तिला वाटलं पुन्हा जिंकू, आणि दुसऱ्या वेळी ती हरली. जिंकण्याने माणूस आंधळा होतो. इतका सोपा हिशेब. तो घेऊन मी दिल्लीला नोकरीला गेले. निघताना तू मला सुकेळ्यांचा डबा दिलास आणि म्हणालीस, "तिकडे कोणाच्या मध्ये पडू नकोस." डबा दिल्लीला पोचायच्या आधीच मी संपवला. पण ते वाक्य? चांदीपला स्वतः जाऊन बसणारी बाई मला मध्ये पडू नकोस म्हणत होती, आणि मी गोंधळले होते, पण विचारलं नाही.

दिल्लीत माझं काम काय होतं ते मी तुला कधी नीट सांगू शकले नाही. तू गावात सांगायचीस, ती देशाच्या बाजाराचं बघते. तसंच होतं ते. एकदा एका मोठ्या देशाने बाहेरून येणाऱ्या कापडावर बंधनं घातली. दुसऱ्या एका देशाने त्याविरुद्ध जिनिव्हाला, देशांचे व्यापारातले तंटे ऐकतात तिथे, तक्रार केली. कापड आपणही पाठवायचो, पण तक्रार आपली नव्हती. प्रश्न असा होता की आपण त्या भांडणात तिसरा पक्ष म्हणून जाऊन बसायचं का. मत लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. आमचे साहेब म्हणाले, "मागे आपण स्वतः तक्रार केली होती. काय मिळालं? वर्षानुवर्षं गेली, आणि तो देश आपल्यावर डूख धरून बसला. नको लिहा." शेजारच्या विभागातले एक वयस्कर अधिकारी होते, ते म्हणाले, "मागे आपण तक्रार केली होती म्हणूनच जायला हवं. आता कुठे आपल्याला तिथलं बोलणं कळायला लागलंय. तेव्हा तो देश वाटाघाटीला आला, हे विसरू नका." दोघेही त्याच एका तक्रारीबद्दल बोलत होते. दोघेही तेव्हा तिथे हजर होते. मी दोघांच्या मध्ये खुर्चीवर बसले होते आणि मला हसू येत होतं, आणि भीतीही वाटत होती, कारण दोघांचंही मला पटत होतं.

त्याच सुमाराला तुझ्या आजाराचं कळलं आणि मी रजा घेऊन घरी आले. तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होतीस, उठायची ताकद नव्हती, पण चूल दुसऱ्याच्या हातात द्यायची तयारीही नव्हती. मी बोंबलाचा रस्सा करत होते आणि तू बसल्या जागेवरून सांगत होतीस, चिंच आता घाल, आता नको. दुपार होती. मला वाटलं, विचारून घ्यावं.

"आई, गोदामातली ती सकाळ आठवते?"

"आठवते. हरलो ती."

आजाराने तुझं डोकं गोंधळलंय असं मला वाटलं. "अगं, जिंकलीस ना! करंड्या समोर उघडायला लागला तो."

"माझ्या उघडायला लागला. तिच्या?" तू हनुवटीने खिडकीबाहेर दाखवलंस, विहिरीपलीकडे. "मला तो टरकून होता. तिच्यावर काढलं सगळं. आज जागा नाही, उद्या ये, परवा गाडी गेली. वर्षाच्या आत वेली उपटल्या तिनं."

मावशीने वेली उपटून वांगी लावली हे मी पाहिलं होतं. त्यामागचं कारण मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. ती दोन्ही मुलांना घेऊन भावाकडे गेली तेव्हा मला फक्त खेळायला कोणी उरलं नाही याचं वाईट वाटलं होतं.

"आणि कराचीचं?" मी विचारलं. "ते तर हरलात."

"कोण म्हणालं?"

"बाबा. सगळं गाव. मी ढीग बघितले होते, आई."

"ढीग बघितलेस. नंतरचं तू कुठे होतीस?" मग तू थांबत थांबत सांगितलंस. अर्धी पानं सडली, अर्धी तुम्ही पाच-सहा बायकांनी टेम्पोत भरून सुरतेला नेलीत. तिथे ओळखीचं कोणी नव्हतं. रस्त्यावर करंड्या मांडून बसलात. पुढे तिथला एक जण दर आठवड्याला टेम्पो पाठवायला लागला. "त्या साली पहिल्यांदा आपलं पान कुठे जायचं ते आपण ठरवलं," तू म्हणालीस. "भाव कमीच होता. पण हरलो नाही ते."

मी चमचा हातात धरून उभी. माझा हिशेब पुरता उलटा झाला होता. मी तुला कापडाचं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत.

"कापड कोणाचं?"

"भांडण दुसऱ्या देशाचं आहे. आपण नुसतं बसायचं की नाही, एवढंच."

"मग तू कशाला जातेस?"

"तू चांदीपला कशाला गेलीस?"

तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "मला वाटलं, तिथे माझ्यासारखी कोणीतरी असेल."

"होती?"

"होती ना. ती म्हातारी. तिचं ऐकून वाटलं, आता आपणही गप्प बसावं."

"पण बसली नाहीस तू. कराचीच्या वेळी उभी राहिलीस."

"हो, राहिले."

"का?"

तू माझ्याकडे बघितलंस. उत्तर येणार असं मला अगदी नक्की वाटलं. "रस्सा उतरव," तू म्हणालीस, "आटतोय." मी उतरवला. तू दोन घास खाल्लेस आणि पडलीस. नंतर शेजारपाजारचे आले, फादर आले, धाकटा आला, आणि तो प्रश्न पुन्हा विचारण्यासारखी वेळ आली नाही. पावसाळा संपायच्या आत तू गेलीस.

दिल्लीला परत गेल्यावर मी मत लिहिलं: जाऊन बसावं. का लिहिलं ते आजही मला नीट सांगता येत नाही. तू हरलीस म्हणून नाही, जिंकलीस म्हणूनही नाही. कदाचित तू करंडीवर बसली होतीस म्हणून, पण हे काही सरकारी टिपणात लिहिता येत नाही. वरच्यांनी ते मान्य केलं आणि मलाच शिष्टमंडळाबरोबर पाठवलं. जिनिव्हाला आम्ही लांबट टेबलाच्या टोकाला बसलो. आमच्या प्रमुखांनी थोडंसं बोलून घेतलं. मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलाशी एका छोट्या देशाची बाई भेटली. तीही कापडवाल्या देशाची, पण ते लोक भांडणात उतरले नव्हते, ती नुसती दुसऱ्या कामासाठी आली होती. मी विचारलं, तुम्ही का नाही? ती म्हणाली, "आम्ही एकदा तक्रार केली होती. त्यानंतर आमच्या बंदराच्या कामाला येणारी मदत थांबली. तक्रार काय होती ते आता घरी कोणाला आठवत नाही. अर्धवट बंदर मात्र रोज दिसतं." माझ्याबरोबरचा तरुण अधिकारी नंतर म्हणाला, किती घाबरट देश. मी त्याला तुझं एसटीतलं वाक्य सांगितलं. त्याला ते समजलं नाही. मला तरी कुठे पुरतं समजलंय?

ते भांडण शेवटी त्या दोन देशांनी आपसात मिटवलं. बंधनं थोडी सैल झाली, त्यात आपलंही कापड थोडं जास्त जाऊ लागलं. साहेब म्हणाले, आपण गेलो नसतो तरी हे झालंच असतं. वयस्कर अधिकारी म्हणाले, बघा, गेलो म्हणून झालं. पुढच्या भांडणाच्या वेळी दोघांनीही हेच उदाहरण दिलं, एकाने नको म्हणण्यासाठी आणि दुसऱ्याने जाऊ म्हणण्यासाठी. मी तोवर ऐकून घ्यायला शिकले होते. देशांना अनुभव असतो असं आम्ही लिहायचो, पण तो अनुभव नेमका कुणाजवळ असतो? साहेबांजवळ, की त्या दुसऱ्यांजवळ? तुझ्याजवळ होता की मावशीजवळ? गोदाम एकच, सकाळ एकच. तू गेल्यावर एकदा मी बाबांना विचारलं की गोदाम आणि कराची, यांतलं खरं हरणं कुठलं. ते रहाटाची दोरी वळत बसले होते. म्हणाले, "मला काय माहीत. ती गोदामात गेली, सुरतेला गेली, मी दोन्ही वेळा घरी होतो." नंतर जरा वेळाने, मी उठून आत जायला निघाले तेव्हा, म्हणाले, "जायला हवं होतं एकदा तरी." गोदामात की सुरतेला, ते त्यांनी सांगितलं नाही.

मळा आता नाही. धाकट्याने आपल्या वाट्यावर घर बांधलं, मी निवृत्त झाल्यावर इकडे विरारला मनवेलपाड्यात फ्लॅट घेतला. आमच्या आणि शेजारच्या इमारतीत बोअरवेलच्या पाण्यावरून भांडण चालू आहे. त्यांनी रात्रीतून पाइप वळवला असं आमचे लोक म्हणतात, आमच्यांनी आधी वळवला असं ते म्हणतात. आज संध्याकाळी खाली आवारात दोन्हीकडच्यांची बैठक आहे. दुपारी खालच्या मजल्यावरची मुलगी येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही याच हां. आमच्यात कोणालाच असल्या गोष्टींचा एक्सपीरियन्स नाहीये, तुम्हाला तर किती आहे. बोलू नका वाटलं तर, नुसतं बसा." मी म्हटलं, बाळा, माझा गुडघा फार दुखतोय, जिना उतरवत नाही. ती म्हणाली, "अरे अरे, राहू दे मग, आराम करा," आणि जाताना माझ्यासाठी दार हळूच ओढून घेतलं.

आता खुर्च्या मांडल्याचे आवाज येतायत. कोणीतरी तावातावाने बोलतंय, आमच्यातलं की त्यांच्यातलं ते इथून कळत नाही. हे पत्र मी कुठे पाठवणार आहे? घडी करून ठेवेन, किंवा ठेवणारही नाही. इतकी वर्षं मी देशाच्या वतीने जाऊन बसले, आई, स्वतःसाठी कधीच नाही, आणि ते शहाणपण होतं की दुसरं काही, हे तुला विचारायला बसले होते. पण आधी एक सांगून टाकते. माझा गुडघा दुखत नाहीये.